ज्या रोगांना बाजारभाव नाही

समुद्रतळाशी खडकाला चिकटून राहणारा स्पंज हा एक प्राणी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याला ना दात, ना नखे. शत्रू आला तर पळून जाण्याचीही सोय नाही. पाणी गाळून त्यातील अन्नकणांवर तो जगतो आणि स्वतःचे रक्षण करतो ते रसायनांच्या बळावर. यांतील काही रसायने त्याच्या शरीरात वस्ती करून राहिलेले सूक्ष्मजीव तयार करतात. या रसायनशाळेत माणसाच्या रोगांवरील औषधे दडलेली आहेत, हे आता केवळ अनुमान राहिलेले नाही. प्रश्न आहे तो वेगळाच: कोणाच्या रोगांवरील औषधे तेथून वर आणायची, हे ठरवतो कोण?

याचे उत्तर गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात आहे. 1950 च्या सुमारास वेर्नर बर्गमन या शास्त्रज्ञाला कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात दोन अनोखी संयुगे सापडली. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटॅराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार झाले आणि 1969 साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. 1986 साली जपानी शास्त्रज्ञांनी सुमारे 600 किलो स्पंजातून ‘हॅलिकॉन्ड्रिन बी’ हे द्रव्य मिळवले, ते अवघे साडेबारा मिलिग्रॅम! एवढ्याशा द्रव्यावर औषध उभे राहणे अशक्यच वाटावे. परंतु रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूचा आवश्यक तेवढाच भाग साठाहून अधिक टप्प्यांच्या प्रक्रियेने कृत्रिम रीतीने घडवला आणि 2010 साली एरिब्युलिन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध बाजारात आले.

त्याच 1986 साली, त्याच जपानमध्ये, ओकिनावा बेटाजवळच्या हॅलिक्लोना जातीच्या स्पंजातून ‘मॅन्झामिन ए’ हे संयुग वेगळे करण्यात आले. त्याचीही पहिली तपासणी झाली ती कर्करोगाच्या पेशींवर. हिवतापाच्या परजीवीवर त्याचा काय परिणाम होतो, हे जगासमोर यायला 2000 साल उजाडले. हिवताप झालेल्या उंदरांना या द्रव्याची एकच मात्रा टोचली असता त्यांच्या रक्तातील परजीवींची वाढ 90 टक्क्यांहून अधिक रोखली गेली. त्यानंतर निबंधांमागून निबंध निघाले. औषध मात्र निघाले नाही.

यावर तज्ज्ञ म्हणतील, मॅन्झामिन विषारी आहे. गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत पुरेसे अंतर नाही. हा आक्षेप खोटा नाही. उंदराला जे लागू पडले ते माणसाला लागू पडेलच, असे कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. परंतु हॅलिकॉन्ड्रिन तरी कोठे अमृत होते? त्याच्या वाट्याला रसायनतज्ज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत आणि अमाप पैसा आला. कारण पलीकडे औषधाची किंमत मोजू शकणारा रोगी उभा होता. हिवतापाचा रोगी प्रामुख्याने आफ्रिकेतील खेड्यात आणि आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलात असतो. त्याची नड मोठी आहे, पण त्याचा खिसा रिकामा आहे आणि बाजाराला कळते ती फक्त खिशाची भाषा.

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी एफ्लॉर्निथिनची कथा आठवावी. आफ्रिकेतील निद्रारोगावरील या औषधाला 1990 साली मान्यता मिळाली. मृत्यूच्या दारातून रोगी परत आणणारे हे औषध परवडत नाही म्हणून काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबवण्यात आले. पुढे 2000 साली तेच द्रव्य स्त्रियांच्या चेहऱ्यावरील लव रोखणाऱ्या मलमाच्या रूपाने बाजारात आले आणि जागतिक दडपणामुळे 2001 साली निद्रारोग्यांसाठीही त्याचा पुरवठा पुन्हा सुरू झाला. सौंदर्यप्रसाधनाच्या आडोशाने जीवदान मिळावे, याहून बाजारव्यवस्थेवर कठोर टीका ती कोणती? 1975 ते 1999 या पंचवीस वर्षांत जगात 1,393 नवी औषधे आली. त्यांपैकी उष्ण कटिबंधातील रोग आणि क्षय यांच्यासाठी होती अवघी सोळा.

आपल्या देशाला या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहता येणार नाही. पूर्व विदर्भातील गावांत हत्तीरोगाने सुजलेले पाय घेऊन राबणारी माणसे आजही दिसतात. त्यांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतील एक प्रमुख औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली गेल्या शतकाच्या चाळिशीत शोधले गेले. ते रक्तातील सूक्ष्म अळ्या मारते. प्रौढ जंत मात्र पुष्कळदा तग धरून राहतात. इकडे आपल्याच किनाऱ्यावर सापडणाऱ्या हॅलिक्लोना स्पंजांचे अर्क हत्तीरोगाच्या जंतांवर आणि काळ्या आजाराच्या परजीवीवर परिणाम करतात, असे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रयोगप्राण्यांवर पडताळून 2007 पासून प्रसिद्ध केले आहे. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून उभी आहे. समुद्र आपला, शास्त्रज्ञ आपले, रोगीही आपलेच. उणीव आहे ती प्रयोगशाळेतील निष्कर्ष गोळीपर्यंत नेणाऱ्या सार्वजनिक संकल्पाची.

हे काम सार्वजनिक क्षेत्राला झेपणारे नाही, असे म्हणणाऱ्यांनी पिंपरीकडे पाहावे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतील सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले होते. 1970 च्या पेटंट कायद्याने देशी औषध उद्योगाला बळ दिले. 2005 साली तो कायदा बदलून वस्तूवरील पेटंट परत आणताना, त्यामुळे संशोधनाला चालना मिळेल, असे सांगितले गेले. हत्तीरोग्याच्या वाट्याला त्यातून काय आले, याचा हिशेब आता मागायला हवा. याउलट, 2003 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने स्थापन झालेल्या ‘ड्रग्ज फॉर निग्लेक्टेड डिसीजेस इनिशिएटिव्ह’ या ना-नफा संस्थेने जुन्या कागदपत्रांत अडगळीत पडलेला फेक्सिनिडॅझोल हा रेणू शोधून काढला आणि 2018 साली निद्रारोगावरील पोटात घेण्याचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळवली. नफ्याची प्रेरणा नसतानाही औषध घडते, हे येथे सिद्ध झाले आहे.

आपल्यातीलच काही कार्यकर्ते विचारतील: हे रोग दारिद्र्याचे आहेत, गटारे, घरे आणि मच्छरदाण्या द्यायच्या सोडून समुद्रात बुड्या कशाला? मागणी रास्त आहे, पण या दोन गोष्टी परस्परांच्या आड येत नाहीत. क्लोरोक्वीनला दाद न देणारा हिवताप जगभर पसरला. आर्टेमिसिनिनची धारही आग्नेय आशियात आणि आफ्रिकेत बोथट होऊ लागली आहे. गटार होईपर्यंत रोग्याने थांबावे, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. परजीवी रोगांवरील समुद्री संयुगांसाठी सरकारने चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंतचा पैसा द्यावा. जनतेच्या पैशातून निघालेल्या औषधावर कोणाची मक्तेदारी असू नये. स्पंज ओरबाडून किनारे उजाड करू नयेत. रेणू प्रयोगशाळेत घडवावेत आणि लाभाचा वाटा किनाऱ्यावरील मच्छीमारांना मिळावा. स्पंज आपले रसायन पेटंट घेऊन विकत नाही. त्याच्यापासून शिकलेली विद्या विकायची की वाटायची, हा निर्णय मात्र आपला आहे, आणि तो बाजारावर सोपवणे हाही एक निर्णयच असतो.