तक्रारदाराच्या पाठीशी कोण?

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण असावे, निवृत्त न्यायाधीश त्याचे प्रमुख असावेत, हा त्यांतील एक. याचिका करणारे प्रकाश सिंह हे कोणी पोलीसद्वेष्टे चळवळे नव्हते. उत्तर प्रदेश व आसाम या राज्यांचे पोलीस महासंचालकपद आणि सीमा सुरक्षा दलाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले होते. पोलिसांना जाब विचारणारी यंत्रणा पोलिसांच्या बाहेर असावी, ही मागणी खाकी वर्दीत हयात घालविलेल्या माणसाने केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मूळ दुखणे १८६१ च्या पोलीस कायद्यात आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजाला प्रजेचा रक्षक नको होता. प्रजेवर वचक ठेवणारे दल हवे होते. इंग्रज गेला, पण ठाण्याची रीत राहिली. आणीबाणीत तिचे पूर्ण रूप दिसले. सत्याग्रही कोठडीत बडवले गेले आणि दाद मागायची ती त्याच ठाण्यात! त्या काळी मिसाबंदींच्या घरी गाजावाजा न करता धान्य पोचविणारे शेजारी होते, फी न घेता उभे राहणारे वकील होते. शासन उलटले तेव्हा आधार मिळाला तो समाजाचा. पुढे १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत व बलात्कार यांची न्यायालयीन चौकशी सक्तीची करावी, असे त्याने पहिल्याच अहवालात सुचविले. अहवाल मात्र धूळ खात पडले.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी त्याच्या कक्षेत येतात. परंतु न्यायालयाने जिल्हा हा घटक सांगितला असताना राज्याने विभाग धरला. गडचिरोलीच्या दुर्गम पाड्यावरील वनवासी बांधवाला नागपुराची वाट धरावी लागणार असेल, तर त्याच्यासाठी ही सोय असून नसल्यासारखीच.

त्याच भागातील देसाईगंज ठाण्याचे १९७२ चे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. रात्री चौकशीसाठी आणलेल्या एका वनवासी मुलीवर ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद होती. ती नोंदली कशी गेली? तिचे नातलग बाहेर थांबले होते. बातमी कळताच ठाण्यासमोर गाव जमा झाले, जमादाराला बोलवावे लागले आणि मग जबाब लिहिला गेला. तो जमाव नसता, तर हे प्रकरण त्या रात्रीच मिटविले गेले असते. पण पुढचे पाऊल कोणास ठाऊक नव्हते. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास. अंगावर जखमा नाहीत, याच गोष्टीला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर क्षोभ उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीला मात्र न्याय मिळाला नाही.

पोलिसांवर असा अंकुश ठेवल्यास त्यांचे मनोधैर्य खचते, असा आक्षेप राष्ट्रवादी विचारांच्या मंडळींतूनही ऐकू येतो. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. २००८ साली तुकाराम ओंबळे यांनी निःशस्त्र असताना कसाबची बंदूक धरून ठेवली. २०१२ मध्ये आझाद मैदानात दंगलखोरांनी पोलिसांवर, महिला शिपायांवरही, हात टाकला. दहशतवाद्यांसाठी गळा काढणाऱ्या मानवाधिकारवाल्यांना तेव्हा शब्द सुचले नाहीत, ही चीड खोटी नाही. परंतु त्या चिडीपोटी कोठडीत मार खाल्लेल्या मजुराचा प्रश्न त्याच मंडळींच्या हाती सोपविणे हा कोठला शहाणपणा? कौटिल्याने 'कंटकशोधना'त चोर-लुटारूंच्या जोडीला राजपुरुषांचाही समाचार घेतला आहे. बंदिवानाला छळणाऱ्या, कोंडलेल्या स्त्रीवर बळजबरी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने दंड सांगितला. शिवछत्रपतींनी रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले, म्हणून स्वराज्यातील इतर पाटलांचे मनोधैर्य खचल्याचे कोठे नमूद नाही.

आज कायद्याची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे बंधनकारक असल्याचे ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्ये ठरले. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत, हा आदेश २०२० चा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा वाद न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यानंतर दंडाधिकारी, असा मार्ग आखलेला आहे. तो सांगणारा माणूस मात्र पीडिताजवळ नसतो. शाखा, गणेश मंडळे, भजनी मंडळे, वनवासी कल्याण आश्रमाची केंद्रे यांचे जाळे गावोगाव आहे. रक्तदानासाठी व पूरग्रस्तांसाठी ते तासाभरात हलते. तालुक्यास एक वकील, एक डॉक्टर आणि सोबत ठाण्यात जाऊन शांतपणे बसणारे दोन पोक्त गृहस्थ इतकी जुळवाजुळव त्याला अवघड नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी जखमा नोंदवाव्यात, अर्जाची पोच घ्यावी, चित्रण पुसले जाण्यापूर्वी त्याची लेखी मागणी करावी. तक्रार खोटी आढळली, तर तसे तक्रारदाराला तोंडावर सांगण्याचे धैर्यही त्याच गृहस्थांत हवे. प्रामाणिक हवालदाराला खोट्या आरोपांपासून वाचविणे हाही याच कामाचा भाग आहे.

शासनाकडे मागणी करायची ती जिल्हा प्राधिकरणांची. ती होईपर्यंत विभागीय प्राधिकरणाने वर्षातून काही दिवस तरी गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी जाऊन सुनावण्या घ्याव्यात.