रुंद तक्ता आणि अरुंद पडदा

पाठचिकित्सेचे निम्मे श्रम पाठभेदांचा तक्ता सांभाळण्यात खर्ची पडतात, हे त्या कामात पडलेल्यांस सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी हा तक्ता आडव्या-उभ्या रेघांच्या फूलस्कॅप कागदावर मांडीत. माथ्यावर मुंबईच्या छापील आवृत्तीतील श्लोक, खाली प्रत्येक पोथीस एक ओळ, भेद ज्या अक्षराचा त्याच्याच खाली नोंदलेला, आणि उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंचांचा रकाना. आदिपर्वाच्या (१९३३) प्रस्तावनेत वि. स. सुकथनकरांनी ही पद्धत वर्णिली आहे.

आज हे काम पुष्कळदा संगणकावर, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये होते, आणि ते योग्यच होय. तशी फाइल कोणत्याही यंत्रावर उघडते आणि तिच्या दोन प्रती ओळीओळीने ताडून पाहता येतात. परंतु कागदाची शिस्त तेथे आपोआप येत नाही. चरणास एक ओळ आणि पोथीस एक रकाना या हिशेबाने तीस पोथ्या मांडल्या, की ओळ पडद्याबाहेर जाते. ती मोडून खाली घेतली तर रकाने विस्कटतात. न मोडता सरकवावी, तर श्लोकांक आणि पोथ्यांची संकेताक्षरे दृष्टीआड होतात. मोकळ्या जागा भरून रकाने जुळवावेत, तर देवनागरीत तेही साधत नाही. ‘क्ष’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या लेखी क, हलन्तचिन्ह आणि ष असे तीन घटक. शिवाय त्या मोकळ्या जागा पाठाचाच भाग होऊन बसतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते, दुरुस्तीचा तक्ता आणि पाहण्याचा तक्ता एकच असता कामा नये. फाइलीत एका ओळीवर एकच पाठ असावा: श्लोकांक, चरण, पोथीचे संकेताक्षर व पाठ, असे चार रकाने, टॅबने विलग केलेले. दुरुस्ती तेथेच करावी. रुंद तक्ता त्यावरून हवा तेव्हा सिद्ध करावा, वाचावा, पण त्यात हात घालू नये.

यावर आक्षेप येईल की, एका श्लोकाच्या अशाने १२० ओळी होतील. होतील, पण प्रत्येक पाठ आपल्या पोथीचे नाव सोबत वागवील. सरकलेला रकाना कसलीच खूण ठेवीत नाही. तो एका पोथीचा पाठ दुसरीच्या नावावर घालतो, आणि त्यावर बेतलेला शाखानिर्णय पुढील पिढ्या तळटीपांवर विश्वासून स्वीकारतात.