पाटी, पेटी आणि संगणक

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांतील एक मुहूर्त. या दिवशी शेतकरी नांगर आणि विळा पुजतो, सुतार करवत आणि रंधा पुजतो, व्यापारी तराजू आणि वह्या पुजतो, आणि शाळेत जाणारे मूल पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला झेंडूचे फूल वाहते. ज्या साधनावर आपला योगक्षेम चालतो त्याचे ऋण मान्य करण्याचा हा दिवस. आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेणारी मंडळी; अजून पुरते शिक्षक झालो नाही आणि निव्वळ विद्यार्थीही उरलो नाही. 'तुमचे साधन कोणते?' असे आम्हांस कोणी विचारले तर उत्तर पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पाटी आणि खडू आहेतच. परिपाठाच्या प्रार्थनेला सूर देणारी पेटी आहे. आणि आता संगणक व खिशातला मोबाईलही आहे.

या तिन्हींची पूजा व्हावी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की पूजेच्या पाटावर मांडलेले साधन हळूच उठून गुरूच्या आसनावर जाऊन बसले तर काय करावयाचे? सराव पाठ घेताना, वर्तमानपत्र वाचताना, संध्याकाळी भजनाला बसताना हाच प्रश्न आमच्या मनात घोळत असतो. तो केवळ शिक्षकांचा नाही, घराघरांचा आहे. म्हणून या मंगल दिवशी वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

आमचे कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजाराचे गाव. पाऊस हात आखडता घेणारा हा मुलूख. पण गुरुभक्तीच्या बाबतीत तो कधी कोरडा राहिला नाही. याच तालुक्यात सावरगावच्या मायंब्यावर मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे. श्रावणात इकडच्या घरांतून 'नवनाथ भक्तिसार' ग्रंथाच्या चाळीस अध्यायांचे पारायण चालते. त्यातील एक कथा आम्हां छात्राध्यापकांना विशेष जवळची वाटते. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडले, तेव्हा त्यांचा शिष्य गोरक्षनाथ तेथे गेला आणि मृदंगाच्या बोलांतून त्याने गुरूला भानावर आणले. येथे मृदंग हे साधन आहे; पण गुरू जागा झाला तो चामड्याच्या नादाने नव्हे. त्या नादामागे शिष्याची तळमळ होती. तोच मृदंग दुसऱ्या कोणी वाजवला असता तर ती नुसती करमणूक ठरली असती.

साधन आणि साधक यांच्या या नात्याचा विचार करताना पेटीचा इतिहास फार बोलका आहे. आज ज्या पेटीवाचून भजन आणि कीर्तन सुने वाटते, ती मुळात आपली नाही. फ्रान्समध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली या वाद्याचा हक्क नोंदवला. पायाने भाता चालवावयाचे ते वाद्य आपल्याकडे आले, आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचा भाता हाताने चालेल असा केला. पुढे मराठी संगीत नाटकाने पेटीला मानाचे स्थान दिले. 'मानापमान' या १९११ च्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे थोर वादक होते. तरीही शास्त्रकारांचा आक्षेप राहिलाच. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले, आणि ते पुन्हा उघडण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

आक्षेप निराधार नव्हता. षड्ज जर सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी एकजीव होणारा शुद्ध गांधार सव्वापटीचा, म्हणजे ३०० कंपनांचा येतो. पेटीचा गांधार मात्र ३०२ च्या थोडा वर जातो, कारण तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. दोन कंपनांचा हा फरक ऐकणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. पण तंबोऱ्याशी सूर मिळवलेल्या कानाला तो खड्यासारखा टोचतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणारी मींड पेटीवर निघत नाही. तिची एक पट्टी संपते तेथे दुसरी सुरू होते. मधली वाट तिला ठाऊकच नाही.

मग पेटी टाकून द्यावयाची काय? आपल्या पूर्वजांनी तसे केले नाही, आणि तिच्या आज्ञेतही ते राहिले नाहीत. जाणत्या गायकाने गळा तंबोऱ्याशी मिळवला आणि पेटीला मागे मागे येण्यास सांगितले. कान मालक राहिला आणि यंत्र चाकर राहिले, म्हणून परदेशी पेटी आपल्या देवळात शोभली. आम्हांस वाटते, यंत्राविषयीचा यापेक्षा शहाणा निवाडा दुसरा नाही. बहिष्कार नको आणि शरणागतीही नको.

यंत्राचे हे चाकरपण आता संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या सॉफ्टवेअरला लावून पाहावे. बंगळूरच्या राजनारायण यांनी १९७९ मध्ये विजेवर चालणारा तंबोरा तयार केला. आज तोच तंबोरा मोबाईलमध्ये मावतो. तंबोरा विकत घेण्याची ऐपत नसलेल्या खेड्यातल्या मुलाला पहाटे रियाजासाठी अखंड षड्ज मिळतो, हे लहान भाग्य नव्हे. पण मिरजेच्या कारागिरांकडे पाहा. तेथील तंबोरे घडवणाऱ्या शिकलगार घराण्याचे पूर्वज शस्त्रे घडवीत. शस्त्रांची मागणी सरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्याच हातांनी भोपळा कोरून तारा चढवल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्राकडून वाद्याकडे झालेले हे सीमोल्लंघन कोणत्या यंत्राने घडवले नाही; हातातील कसबाने घडवले. मोबाईलमधला तंबोरा सूर धरून ठेवील, पण तो जुळला की नाही हे मुलाच्या कानाशी बसलेल्या गुरूनेच सांगावयाचे असते.

वर्गातही तेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुस्तकातील चौकोनी ठशावर मोबाईल धरला की पाठ बोलू लागतो, कविता गाऊ लागते. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आम्हांस त्यांच्या क्यूआर कोडाइतकीच ही वाटणी शिकवून जाते. असे दातृत्व कोणतीही आज्ञावली सुचवीत नाही. ते माणसाला आधी घरात आणि मग शाळेत शिकावे लागते.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता पाठाचे टाचणही क्षणात लिहून देते. उद्देश, प्रस्तावना, प्रश्न, स्वाध्याय सारे नीटनेटके. छात्राध्यापकाला हा मोह मोठा आहे. पण जलचक्राचा पाठ घेऊ. यंत्र समुद्र, वाफ आणि ढग यांचे चित्र काढून देईल. कड्याच्या मुलाने मात्र पाणी टँकरच्या रांगेत ओळखलेले असते. आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची शेते खरवडून निघाली, तेव्हा तेच पाणी त्याने घराच्या उंबऱ्याशी आलेले असते. त्या मुलाचा पाठ कोठून सुरू करावयाचा, हे त्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्यालाच कळेल. टाचण लिहिण्याचा कंटाळवाणा तास हा त्या मुलाचे चिंतन करण्याचा तास असतो. तो तास यंत्राला देऊन टाकला तर लिखाण होईल, चिंतन राहून जाईल.

घडामोडींचेही असेच झाले आहे. आम्हां परीक्षार्थींच्या जगात 'चालू घडामोडी' हे एका पुस्तिकेचे नाव आहे. शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग 'पवित्र' या नावाच्या संगणकीय प्रणालीवर नोंदणी, असा आमचा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा आवश्यक ठरवली. तेव्हा आम्ही आणि आमचे गुरुजी एकाच बाकावर येऊन बसलो. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण अहिल्यानगरहून कड्यावरून आष्टीला जाणारी गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे बीडपर्यंत पोहोचली, या केवळ पाठ करावयाच्या तारखा नव्हेत. पिढ्यान्पिढ्या ज्या गाडीची वाट पाहिली ती ज्या महिन्यात बीडला आली, त्याच महिन्यात शेते वाहून गेली. आनंद आणि आकांत यांची ही जोड ज्याच्या मनाला स्पर्श करीत नाही, त्याला सर्व उत्तरे बरोबर येऊनही घडामोड कळली असे म्हणता येणार नाही.

हे सारे दसऱ्याच्याच दिवशी का सांगावयाचे? कारण दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस, आणि आमच्या जिल्ह्यात ते सीमोल्लंघन अगदी शब्दशः घडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचे वेध लागतात. कोयता आणि संसार गाडीत घालून हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात हंगामी वसतिगृहे असतात, शिक्षण हमी कार्ड असते. तरीही वर्गातील काही मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातातच. कोपीत वीज असेल, नसेल. मोबाईल असेल, पण तो बापाच्या हाती असेल. शिक्षकाने यंत्रावर ठेवलेले सारे ज्ञान शाळेतच राहते. मुलाबरोबर जाते ते एवढेच, जे त्याच्या गळ्यात आणि कानात उतरलेले असते: चालीवर म्हटलेले पाढे, मुखोद्गत झालेली कविता, सांजवेळची प्रार्थना. संगीत हा शाळेतील शोभेचा विषय नव्हे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. चालीत बसलेली विद्या वाहून नेण्यास जड नसते.

शमीच्या पूजनामागची कथा वाचकांस ठाऊकच आहे. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रे शमीवर ठेवली. गांडीव झाडावर होते, आणि अर्जुन विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडेच्या वेषात राजकन्या उत्तरेला गायन आणि नृत्य शिकवीत होता. महाभारतातील श्रेष्ठ धनुर्धर वर्षभर संगीताचा शिक्षक होता, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. वर्षभर धनुष्य हाती नव्हते म्हणून त्याची विद्या गंजली नाही. साधन झाडावर राहिले, विद्या अंगात राहिली. आणि वेळ आली तेव्हा त्याने साधन खाली उतरवले. ज्याच्या बाबतीत याच्या उलट घडते, साधन काढून घेताच ज्याच्याजवळ काही उरत नाही, त्याने पूजा केली खरी, पण विद्या मिळवली नाही.

आता दोन शब्द घरच्या वडीलधाऱ्यांस. नवरात्रात अनेक घरांतून आरती यंत्रावर लागते. तबक फिरते, घंटी वाजते, सर्वांचे हात जोडलेले असतात आणि ओठ मात्र मिटलेले. स्वर उत्तम, वाद्यमेळ उत्तम, पण घरातले कोणीच म्हणत नाही. आरती नुसती ऐकावयाची नसते, म्हणावयाची असते. आजीचा सूर हलला, मुलाचा शब्द चुकला, तरी ती त्या घराची आरती असते. आणि तो चुकलेला शब्द आजी जेव्हा जागच्या जागी सुधारते, तेव्हा त्या देवघरात गुरुकुल भरलेले असते. आमच्या वर्गात सुरात म्हणणारे मूल आले की कोणत्या घरात आरती म्हटली जाते, हे आम्हांस न सांगता कळते.

म्हणून या विजयादशमीला पाटी पुजावी, पेटी पुजावी, संगणकही अवश्य पुजावा. मोबाईललाही हळदकुंकू लावून दिवसभर पाटावर विश्रांती द्यावी. सायंकाळी घरातील लहानाने एक पद म्हणावे आणि थोराने ते कान देऊन ऐकावे. आपट्याचे पान देताना आपण ते सोने म्हणून देतो, ते पानाला भाव असतो म्हणून नव्हे. देणाऱ्याच्या हातात भाव असतो म्हणून. विद्येचेही तसेच आहे. साधन कोणतेही असो, ती हाताहाती आणि मुखामुखीच दिली जाते. साधनांना पाटावर आणि गुरूला आसनावर ठेवण्याचा विवेक श्रीजगदंबेने आम्हां होऊ घातलेल्या शिक्षकांस द्यावा, आणि फडावर निघालेल्या प्रत्येक लेकराच्या कंठात सरस्वतीचा वास असावा, हीच या शुभदिनी प्रार्थना.