बांध कोरला, माशी गेली

कांद्याचं बी धरणाऱ्या शेतकऱ्याला मार्च महिना जड जातो. डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुललेले असतात, ऊन तापू लागलेलं असतं आणि त्याचा कान एकाच आवाजाकडे असतो. प्लॉटमधून माश्यांची गुणगुण येत असेल तर बी भरणार. मागच्या मार्चात बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा एका प्लॉटवर गेलो, तर आवाज होता, पण बायांच्या बोलण्याचा. सात-आठ जणी ओळीने चालत होत्या आणि प्रत्येक गोंड्यावरून हलक्या हाताने तळवा फिरवत होत्या. या गोंड्याचा पराग त्या गोंड्याला. सकाळी नऊ ते बारा, रोज, दोन आठवडे. मालक म्हणाला, "माशीच येईना, मग काय करता? रोजंदारीच्या माश्या लावल्या." तो हसला, बायाही हसल्या. मलाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

कांद्याच्या एकाच फुलात पराग असतो आणि बी धरणारा भागही असतो, पण दोघांची वेळ जुळत नाही. पराग आधी झडून जातो, मादीचा भाग दोन-तीन दिवसांनी तयार होतो. वर-वधू एकाच घरात, तरी सोयरीक बाहेरच शोधायची, असा प्रकार. ही सोयरीक जमवणारी माशी. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, दिवसांमागून दिवस उमलत राहतात. माशी एकेका फुलात तोंड घालते. तळवा वरून निघून जातो.

माशी का येत नव्हती, ते कळायला फार विचारावं लागलं नाही. गोंडे फुटायला लागल्यावर फुलकिड्यांसाठी दोन फवारे झाले होते, तेही सकाळी, कारण दुपारी वारा सुटतो. "औषध मारलं दोनदा," मालक म्हणाला. आपली भाषा इथे मोठी चमत्कारिक आहे. कीड मारण्याच्या विषाला आपण औषध म्हणतो. विदर्भ-मराठवाड्यात एखाद्या घरी 'त्याने औषध घेतलं' असं सांगितलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला जे झेपलं नाही, ते ग्रॅमचा दहावा भागही नसलेल्या माशीला झेपेल, असं आपण कोणत्या हिशेबाने धरून चालतो?

माशीचा विषय निघाला की मोबाईलवर आइन्स्टाइन येतोच. माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, असं तो म्हणाल्याचं चित्रासकट फिरत असतं. तो असं म्हणाल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि म्हणणंही खरं नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरी, मका यांना फळायला माशी लागत नाही. ऊस तर आपण कांडीनेच लावतो. माशी गेली म्हणून भाकरी जाणार नाही. भाकरीबरोबरचं जाईल. कारलं, दोडका, भोपळा, काकडी, कलिंगड, डाळिंब, शेवगा, कारळं, सूर्यफूल यांचं उत्पन्न आणि कांद्या-कोथिंबिरीचं बी. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी पाऊणशे टक्के पिकं थोडीफार का होईना कीटक-पाखरांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. खोट्या आइन्स्टाइनची गरज नाही, खरा आकडा पुरेसा आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. विषाबद्दल सगळे बोलतात आणि बोलायलाच हवं. पण माशी विषाने मरण्याआधी उपाशी मरते, आणि ती उपाशी का, याचं उत्तर या सदराच्या नावातच आहे. बांधावरून!

माझ्या लहानपणी आमच्या आणि शेजारच्या वावरामधला बांध बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. त्यावर बोरी होत्या, एक हिवर, दोन निंब, करंज, मधूनमधून घाणेरी. पावसाळ्यात टाकळा आणि रानतुळस माजायची, हिवाळ्यात एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं. आम्ही त्याला पडीक म्हणायचो. माशीच्या लेखी ते वर्षभराचं कोठार होतं: निंब-करंज उन्हाळ्यात, टाकळा पावसाळ्यात, बोर पावसाळा सरताना. वावरातलं पीक महिनाभर फुलतं आणि थांबतं. माशीला अकरा महिने बांधच पोसायचा.

शिवाय माशी म्हणजे फक्त पोळ्यातली माशी नव्हे. जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक जाती एकट्या राहतात. त्यांना पोळं नाही, राणी नाही, मधही नाही. त्यातल्या बहुसंख्य न नांगरलेल्या, कोरड्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. अशी जमीन शिवारात उरली होती फक्त बांधावर. शेवग्याला ज्याची फार गरज असते तो काळा भुंगाही माशीच्याच कुळातला. तो वाळक्या लाकडात घर करतो. तेही बांधावरच्याच.

मग बांध कोरला गेला. दरवर्षी नांगराचं एक तास आत, शेजाऱ्याचंही एक तास आत. बांधावरून डोकी फुटली, कोर्टात पिढ्या गेल्या, आणि ज्या बांधासाठी भांडत होतो तो दोघांनी मिळून संपवला. राग धरावा तर कुणावर? महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टरवर आलं. सव्वातीन एकरांत दोन पोरांचं भागवायचं, तर हातभर बांधही चार सऱ्यांसारखा दिसायला लागतो. उरला तोही उघडा राहिला, कारण खुरपणीला मजूर मिळेना आणि तणनाशक स्वस्त पडलं. आज कित्येक शिवारांत बांध म्हणजे एक पिवळी रेघ आहे. आठ दिवसांपूर्वी हिरवी होती, फवारलं, पिवळी झाली.

वावरातलीही फुलं गेली. रब्बी ज्वारीच्या कडेने दोन-चार तासं करडईची असायची; काटे असल्याने गुरं आत शिरत नसत. माळावर जवस, डोंगरउतारावर कारळं, कपाशीत अंबाडी. कारळ्याला तर माशीविना दाणाच नीट भरत नाही. आज खरिपात राज्यात पन्नास लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन असतं. ते आपलं आपण फळतं, माशीसाठी त्यात फारसं काही नसतं. आणि जिथे पाटाचं पाणी आलं तिथे ऊस. तुरा येण्याआधी किंवा आल्या आल्या तोडतात. माशीच्या डोळ्यांनी पाहिलं तर शंभर एकर ऊस आणि शंभर एकर मुरूम यांत फरक नाही. सातेरी, म्हणजे आपली देशी पोळ्यातली माशी, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या फेऱ्यात चरते. तेवढ्या फेऱ्यात नुसता ऊस असेल तर ती जाणार कुठे?

अशा उपाशी माशीवर विष पडतं. तेही पूर्वीसारखं पानावर पडून उन्हा-पावसाने उतरणारंच नव्हे, तर आंतरप्रवाही. इमिडाक्लोप्रीड, थायामिथोक्झाम ही त्यातली ओळखीची नावं. बऱ्याच बीटी कपाशीच्या बियाण्याला ती लावूनच येतात. मुळातून ती झाडभर पसरतात, परागात आणि फुलाच्या रसातही थोडी उतरतात. तेवढ्याने माशी जागेवर मरतेच असं नाही. तिला घरची वाट सापडत नाही. माशीला वाट न सापडणं म्हणजे मरणंच, फक्त प्रेत कुठे दिसत नाही, म्हणून तक्रार होत नाही. युरोपीय संघाने या गटातल्या तीन कीटकनाशकांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती गल्लीतल्या दुकानात मिळतात. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहून शेतकरी धोका ओळखतो: लाल सर्वांत वाईट, हिरवा सर्वांत सौम्य. पण तो रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून, माणसाला काय होईल या अंदाजाने. निळ्या त्रिकोणातलं औषध माशीचा काळ असू शकतं, आणि त्रिकोण ते सांगत नाही. माशीचं चित्र असलेला वेगळा, ठळक इशारा बाटलीच्या दर्शनी भागावर छापायला किती खर्च येईल?

सगळं पाप शेतीच्या माथी मारणंही बरं नव्हे. १९९१-९२च्या सुमाराला दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहती मोठ्या संख्येने कोसळल्या, त्या थाई सॅकब्रूड या विषाणूमुळे. त्यात कीटकनाशकाचा हात नव्हता. आणि शहरातल्या पांढरपेशांनी शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली बघावं. तिथे आग्या मोहोळ बसलं की संध्याकाळी माणूस बोलावून ते जाळायचं, हा आपला नागरी शिष्टाचार आहे. आग्या माशी हंगामापुरती येते आणि तिचा हंगाम सरला की आपली आपण जाते, एवढं थांबायला कुणाला सवड नसते.

सरकारचं उत्तर ठरलेलं: पेटी. केंद्राने २०२० मध्ये पाचशे कोटींचं राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान आणलं, 'गोड क्रांती' असं बारसंही झालं. मी पेटीच्या विरोधात नाही. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या पेट्यांवर घरं चालली आहेत, आणि तिथल्याच मांघरला २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाला. पण मांघरच्या भोवती जंगल आहे. जांभूळ आहे, हिरडा आहे, दर सात-आठ वर्षांनी डोंगरच्या डोंगर निळे करणारी कारवी आहे. तिथली पेटी उचलून उसाच्या पट्ट्यात ठेवली तर ते कोठार नसलेल्या गावात धर्मशाळा बांधण्यासारखं आहे. पेटीतल्या मेलिफेरा या विदेशी माशीला फुलं नसतील त्या दिवसांत साखरेचा पाक पाजावा लागतो. साखर कारखान्याच्या गावात माशीला साखर विकत आणून पाजायची!

हे मी अनुभवाने लिहितोय. सहा वर्षांपूर्वी मीही हौसेने सातेरीच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या. एक उन्हाळ्यात रिकामी झाली. माश्या खाणं शोधत निघून गेल्या. दुसरीपुढे एका सकाळी पसाभर मेलेल्या माश्या पडलेल्या. शेजारच्या वावरात पहाटेपासून पंप चालू होता. शेजाऱ्याला सांगितलं तर तो खरोखर ओशाळला. "आधी बोलला असता तर संध्याकाळी मारलं असतं, मला काय फरक पडतो?" खरंच त्याला फरक पडत नव्हता. मी बोललो नव्हतो.

पेट्या किती वाटल्या आणि मध किती किलो निघाला, यावर या योजनांचं यश मोजलं जातं. डाळिंबाची सेटिंग किती वाढली, कांद्याचं बी किती भरलं, हे कुणी मोजत नाही. मधमाशीचा खरा पगार मधात नाहीच. माझं म्हणणं असं की पेट्यांवरचा निम्मा पैसा बांधावर घाला. रोजगार हमीतून बांधावर फळझाडं लावता येतात. त्याच कामात करंज, बोर, शेवगा, हिवर घ्या आणि झाड जगवल्याची मजुरी तीन वर्षं द्या. बांधावर तणनाशक मारणार नाही, असं जो लिहून देईल त्याला बियाण्याच्या अनुदानात पुढचा नंबर द्या. कृषी सहायकाने फुलोऱ्याच्या दिवसांत गावच्या ग्रुपवर फवारणीची वेळ टाकावी: माशी घरी परतल्यावर, म्हणजे दिवस मावळताना. याला अभियान लागत नाही.

वाचकांपैकी ज्यांची शेती आहे त्यांना एकच विनंती. यंदा मे महिन्यात नांगरट कराल तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला सांगा, बांधाकडचं एक तास सोड.

त्या कांद्याच्या प्लॉटचं बी नंतर झोडलं. बाया लावूनही गोंडे हलकेच निघाले, मजुरी मात्र पुरी गेली. परवा मालकाचा फोन होता. यंदा गोंडे फुटायच्या आधी त्याने बांधाला बांध असलेल्या चौघांना जेवायला बोलावलंय. दोघांशी त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.