वरच्या डेकचे १० रुपये

आम्हा बुलडाण्याच्या पोरांना समुद्र पुस्तकातूनच माहीत. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे लोणार सरोवर, आणि त्यात कुणी बोट चालवत नाही. त्यामुळे शाळेच्या मुंबई सहलीत गेटवे ते घारापुरी लाँचने जायचंय म्हटल्यावर आमच्या लेखी ती टायटॅनिकच होती ! (शेवट माहीत असूनही सगळे बसायला उतावीळ.)

वरच्या डेकवर बसायचे माणशी १० रुपये जास्त. सरांनी ते भरले आणि आम्ही सगळे वर. परतताना भर समुद्रात इंजिन बंद पडलं. चालती लाँच लाटा कापत जाते, बंद पडली की आडवी होते आणि गदागदा डोलते, हे तेव्हा कळलं. उलट्या, रडारड, डिझेलचा वास... दूरवर दुसरी लाँच दिसली तसे सगळे त्या बाजूला धावले आणि आमची बोट तिकडेच कलली. "खाली बसाऽऽ" म्हणून खलाशी ओरडला. लाइफ जॅकेटं होती, पण छताला सुतळीने आवळून बांधलेली. सर सारखे आम्हाला मोजत होते. त्या बोटीवर माणसं मोजणारे तेवढे एकटेच, आणि तेही फक्त आमच्या शाळेची. शेवटी दुसऱ्या लाँचने ओढत नेलं. पुढे वर्षभर ही गोष्ट आम्ही तिखटमीठ लावून सांगितली.

असो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीलाच निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. धडकेचा दोष लाँचचा नव्हता. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पण परवानगी ८४ प्रवाशांची आणि बोटीवर माणसं शंभरच्या वर, हेही त्यानंतरच बाहेर आलं.

तेव्हा हापिसात एकजण म्हणाला, "आपल्या लोकांनाच कळत नाही, गर्दी करतात." मला हे अजिबात पटत नाही. मेहकर-चिखलीहून आयुष्यात एकदा आलेल्या माणसाला बोटीची क्षमता कुठून कळणार ? तो तिकीट काढतो, म्हणजे जागा आहे असंच समजतो. वरच्या डेकवर गर्दी झाली की बोटीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, हेही त्याने ओळखायचं ? आणि आपण तर त्याच डेकचे पैसे जास्त घेतो !

१७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येला, सणासाठी गावी निघालेल्या लोकांनी भरलेली 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. वादळी लाटेने बोट कलंडली आणि ६०० च्या वर माणसं गेली. सकाळी सुटलेल्या बोटीची बातमी मुंबईत पोचायला दुपार उलटून गेली. तिथेही प्रवाशांनी वेगळं काय करायला हवं होतं, सांगा.

साधा वेब सर्व्हरसुद्धा मर्यादा संपली की पुढची रिक्वेस्ट परत पाठवतो. धक्क्यावर एक मोजणी-फाटक, बोटीवर ठळक मराठीत आकडा, आणि आकडा भरला की तिकीटखिडकी बंद. यात कसलं अवघड तंत्रज्ञान आहे ? नीलकमलनंतर जॅकेट सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण जॅकेट बोट बुडाल्यावर कामाला येतं. मोजणी बोट सुटण्याआधी. फेऱ्या कमी भरतील, तिकीट महागेल, हा आक्षेप मान्य. महागू द्या. सहलीच्या वर्गणीत आणखी ५० रुपये कुठलाही बाप देईल.