रीलमधलं मशीन आणि आपल्या बांधावरचं लाकूड

गेले आठ दिवस आपल्या कन्नड-खुलताबादकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक रील फिरतेय. तुम्हीही पाहिली असेल. थंड देशातलं जंगल, आठ चाकांचं धूड, त्याचा लांब हात पुढे येतो, उभं झाड बुंध्याशी धरतो, कापतो, आडवं करून फांद्या सोलतो आणि मोजून तुकडे पाडतो. सगळं मिनिटाच्या आत. खाली कॉमेंटचा पाऊस. "आपल्याकडे कधी येणार?" "सरकारनं सबसिडी द्यावी."

परवा एका ओळखीच्या पोराचा फोन आला. म्हणाला, "दादा, आम्ही चौघं मिळून असलं काहीतरी घ्यावं म्हणतो. बांबू वाढतोय, निलगिरी आहे, मजूर तर मिळतच नाही. कर्जाचं, सबसिडीचं काही बघाल का?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. कारण आज लावलेला बांबू आणि बांधावरचा सागवान तोडणीला येईल तेव्हा हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे उभा राहणार आहे.

आधी ते मशीन काय आहे ते समजून घेऊ. त्याला हार्वेस्टर म्हणतात. त्याच्या मागून फॉरवर्डर नावाचं दुसरं मशीन येतं, ते तुकडे उचलून रस्त्यापर्यंत नेतं. स्वीडन-फिनलंडच्या जंगलात हे तंत्र वाढलं. तिथली झाडं सरळसोट, एका वयाची, फांद्या बारीक, आणि अशी झाडं मैलोन्‌मैल. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या प्रचंड लागवडीतही ही मशीनं चालतात. म्हणजे मशीन चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता आपलं लाकूड बघा. बांधावर चार बाभळी, विहिरीजवळ दोन लिंब, कडेला सागवानाची एक ओळ. बाभूळ वाकडी, लिंबाला कमरेवर तीन फाटे, जाड फांद्या. हार्वेस्टरचा जबडा अशा झाडावर अडकतो. शिवाय एका बांधावरून दुसऱ्या गावच्या बांधावर ते धूड न्यायचं कसं? त्यासाठी वेगळा ट्रेलर आला. मोठं सलग जंगल म्हणावं तर आपल्याकडे गौताळा-औट्रमघाट, आणि ते १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे लाकूडतोडीच्या धंद्याचा विचारसुद्धा करायचा नाही.

पैशाचा हिशोब पोराला तोंडीच करून दाखवला. ही नवी मशीनं कोटींच्या घरात जातात. समजा चार कोटी धरले आणि व्याज दहा टक्के, तर वर्षाचं नुसतं व्याज ४० लाख. वर्षाचे ३०० दिवस काम मिळालं असं धरलं तरी रोजचे तेरा हजारांवर रुपये व्याजालाच गेले. डिझेल, ऑपरेटर, हायड्रॉलिकचे पाइप, सुटे भाग वेगळेच. आणि ३०० दिवस कुठले? पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी रुतते, तिथे हे काय चालणार? ओल्या काळ्या मातीवरून एवढं वजन फिरलं तर जमीन दबून टणक होते आणि पुढच्या पिकाची मुळं खाली जात नाहीत. खरं काम दिवाळी ते मे एवढंच.

तो म्हणाला, "मग ऊसतोडणीचं मशीन कसं चालतं?" प्रश्न बरोबर आहे. २०२३ मध्ये राज्यात ऊसतोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातली कमी असेल ती रक्कम, असं अनुदान जाहीर झालं. पण ऊस सरळ ओळीत असतो, सगळा एकदम तोडायचा असतो आणि कारखाना ठरलेला असतो. तरी ज्यानं सरी अरुंद पाडलीय त्याच्या रानात मशीन जात नाही, हे गंगापूर-पैठणचे शेतकरी तुम्हाला सांगतील.

बांबूचं तर उलटंच आहे. बांबूचं बेट सपासप कापायचं नसतं. त्यातल्या तीन-चार वर्षांच्या पक्व काठ्या निवडून काढायच्या आणि कोवळ्या ठेवायच्या, तरच बेट पुढे वर्षानुवर्षं देतं. ही निवड माणसाचे डोळे करतात. तिथे हातातलं छोटं यंत्रच लागतं.

मग मशीन नकोच का? तसं मी मुळीच म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी कन्नड तालुक्यात एका शेतावर गेलो होतो. बातमी वेगळीच होती. शेजारी सागाचे ओंडके ट्रकमध्ये चढवणं चाललं होतं. दोन फळ्या तिरप्या लावलेल्या, खालून सहा जण ढकलतायत, वरून दोघं दोरानं ओढतायत. दोर घसरला. ओंडका मागे आला आणि खालच्या एका माणसाचा पाय घोट्याखाली चिरडला. त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसवून त्याला शहरात नेलं. मी आठ ओळींची बातमी दिली, ती आतल्या पानावर पाच ओळींत लागली. ठेकेदारानं पहिल्या दिवसाचा खर्च दिला, नंतर फोन उचलला नाही. त्या माणसाचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. काम उक्तं होतं ना.

त्या ओंडक्याचं वजन मी नंतर काढलं. घेर चार फूट, लांबी बारा फूट. आपल्या बाजारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. त्या मापानं तो १२ घनफूट भरतो. खरं आकारमान सव्वापंधरा घनफूट. (उभं झाड विकणाऱ्या शेतकऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.) ओलं लाकूड असेल तर वजन ४०० किलोच्या आसपास. एवढं वजन माणसाच्या खांद्यानं, छातीनं आणि नशिबानं वर चढवायचं. यंत्र हवं आहे ते इथे. आमच्या रीलवाल्यांची नजर कापण्याच्या वेगावर आहे, पण कापायला वेळ लागतच नाही. साधी चेन-सॉ ते काम काही मिनिटांत करते. माणसं मोडतात ती ओढताना आणि चढवताना, किंवा झाड भलत्या बाजूला पडताना.

म्हणून माझ्या मते खरेदीचा क्रम असा असावा.

पहिलं, चांगली चेन-सॉ आणि तिच्यासोबत पूर्ण सुरक्षा-संच. साखळीला ब्रेक असलेली मशीन, जाळीचं हेल्मेट, कानाला मफ, जाड बूट आणि पायाला ते खास कापडाचं संरक्षण. त्याचे धागे साखळीत गुंततात आणि साखळी जागेवर थांबते. आपल्याकडे चप्पल घालून, लुंगी खोचून हे काम चालतं. झाड पाडायचं शिक्षणही हवं. पडणाऱ्या बाजूला खाच, मागून काप आणि मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शिल्लक. ती पट्टीच झाडाला दिशा देते. पूर्ण आरपार कापलं की झाड कुठे जाईल ते देवाला माहीत.

दुसरं, ट्रॅक्टरवर चालणारी विंच. ट्रॅक्टर बांधावर उभा, तारेचा दोर रानात, ओंडका आपोआप बाहेर. रान तुडवलं जात नाही. आज आपल्याकडे साखळी मिळेल तिथे अडकवून ओढतात. ती एक्सलच्या वर बांधली की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटतो. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

तिसरं, उचलायला पंजा. ऊस भरणारे ग्रॅब लोडर आपल्याकडे आलेच आहेत, त्याच धर्तीवर ट्रॉलीवर बसणारा छोटा क्रेन. रस्त्याकडेच्या मोठ्या ओंडक्याला हायड्रा ठीक, पण नांगरलेल्या रानात हायड्रा नेऊ नका.

हे तिन्ही मिळून त्या एका हार्वेस्टरच्या किमतीच्या आसपाससुद्धा जात नाही. आठ जणांचं काम तिघं-चौघं करतील. मजूर मिळत नाही ही तक्रारही त्यानंच मिटेल, कारण पाय शाबूत राहील अशा कामाला पोरं तयार होतात.

राज्याचं खरं सागवान विदर्भात आहे. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं ते तिकडचंच. वन विकास महामंडळ १९७४ पासून काम करतंय. तिथेही तोडकाम मुख्यतः माणसांच्या हातानं झालं. यांत्रिक मदत आली ती आधी ओढायला आणि वाहायला. गडचिरोलीत कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती एकेकाळी ओंडके ओढायचे, आता लोक त्यांना बघायला जातात.

आणि एक जुनी गोष्ट. १९४७ च्या सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराला बाजूला काढून तोडणाऱ्याच्या हातात काम द्यायचं ही कल्पना. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, म्हणून इकडे तिची फारशी आठवण नाही. पण मशीन कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न आजही तोच आहे. ते ठेकेदारानं घेतलं तर मजुराचा दर पडेल. गटानं घेतलं तर भाडं गटाकडे येईल.

पोकरातून आपल्या भागात अवजार बँका झाल्या. तिथे रोटाव्हेटर आहे, पेरणीयंत्र आहे. तिथेच एक विंच, एक पंजा आणि दोन सुरक्षा-संच ठेवायला काय हरकत आहे? कृषी आणि वन विभागानं मिळून गावातल्या पोरांना आठवडाभर प्रशिक्षण द्यावं. आपल्या आमदार-खासदारांनी मागायचीच असेल तर ही सबसिडी मागावी.

एक इशाराही. यंत्र आलं म्हणून परवानगी सुटत नाही. खासगी जमिनीवरच्या झाडांनाही १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. रानाबाहेरचा बांबू २०१७ पासून 'झाड' या व्याख्येतून निघाला, बाकीच्यांचं तसं नाही. अजिंठा-जळगाव रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणात किती झटपट आडवी झाली ते आपण पाहिलंय. तोड जितकी वेगवान, तितकी तपासणी आधी व्हायला हवी.

फोनवाल्या पोरानं शेवटी विचारलं, "म्हणजे विंचचं कोटेशन काढू?" म्हटलं, काढ. पण पहिलं बिल हेल्मेटचं आणि बुटाचं फाड.

तुमच्या गावात लाकूड कसं चढवतात, कुणाला दुखापत झाली का, भरपाई मिळाली का, कॉमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्स करा. दहा-वीस अनुभव गोळा झाले की घेऊन कृषी अधीक्षकांकडे जाऊ. मी येतो सोबत.