मुलांच्या हातातला कीबोर्ड काढून घेऊ नका



हल्ली पायथन हा शब्द पालकसभेतसुद्धा ऐकू येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असं आलं, तेव्हापासून तर जास्तच. कुणी मुलाला क्लास लावतं, कुणी मोबाइलवर ॲप टाकून देतं. मग मूल कुठेतरी अडतं. अडलं की घरातला किंवा शाळेतला ज्याला थोडंफार येतं तो पुढे होतो, "सरक जरा बाजूला, दाखवतो" म्हणतो आणि अर्ध्या मिनिटात प्रोग्राम चालू करून देतो. मूल खूश, आपणही खूश. माझं स्पष्ट मत सांगते, या अर्ध्या मिनिटात मदत झाली ती प्रोग्रामला. मूल होतं तिथेच राहिलं. उलट, "हे आपल्याला जमत नाही, दादालाच जमतं" एवढं मात्र ते पक्कं शिकलं.

मी डीएड केलेली प्राथमिक शिक्षिका. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. पायथन शिकले ते नोकरीत आल्यावर, रजिस्टरं आणि तक्ते सांभाळता सांभाळता. त्यामुळे इथे जे लिहितेय ते सहावी-सातवीच्या मुलांच्या शेजारी बसून जे दिसलं त्यावरच लिहितेय.

एक उदाहरण जरा सविस्तर घेऊ. शालेय पोषण आहाराचा हिशोब आपण सगळेच रोज करतो. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आजची हजेरी सांगितली की किती तांदूळ काढायचा हे सांगणारा प्रोग्राम मुलांना करायला द्या. समजा लहान गटात ४३ मुलं हजर आहेत आणि मोठ्या गटात ३८. तोंडी हिशोब सोपा आहे, ४३०० आणि ५७०० मिळून १०,००० ग्रॅम, म्हणजे बरोबर १० किलो. मुलं प्रोग्राम लिहितात, हजेरी इनपुटने विचारतात, १०० ने आणि १५० ने गुणतात, बेरीज प्रिंट करतात. आणि पडद्यावर येतो ५०० अंकी आकडा! ४३ हे शंभर वेळा, त्याला चिकटून ३८ हे दीडशे वेळा. एवढा तांदूळ पृथ्वीवर मावायचा नाही.

इथे लाल अक्षरात कुठलीही एरर आलेली नाही, हे लक्षात घ्या. पायथनच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. इनपुटमधून जे येतं ते पायथन अक्षरांची माळ म्हणून घेतो, त्याला स्ट्रिंग म्हणतात. माळेला १०० ने गुणायचं म्हणजे तीच माळ शंभर वेळा पुढे पुढे जोडायची, आणि दोन माळांची बेरीज म्हणजे एकीला दुसरी चिकटवायची. आकडा म्हणून हवा असेल तर त्याला इंटमधून काढावं लागतं.

आता आपण काय करतो? "अरे, इंट लिहायचं राहिलं" म्हणतो आणि कंसाबाहेर तीन अक्षरं टाकून मोकळे होतो. पुढच्या आठवड्यात तेच मूल वयाच्या प्रोग्रामला तिथेच अडतं. त्यापेक्षा मी विचारते, "तुझ्या घरच्यांचा मोबाइल नंबर दहा अंकी आहे ना? आईच्या आणि बाबांच्या नंबरची बेरीज कधी केलीस का?" मुलं हसतात. मग पिनकोडची बेरीज, गाडीच्या नंबराची बेरीज. दिसायला अंक, पण हिशोबाचे नव्हेत. हे एकदा कळलं की "मॅडम, मग पायथनला आपली हजेरी मोबाइल नंबरसारखी वाटतेय" हे वाक्य मुलांकडूनच येतं. त्यानंतर इंट हा शब्द सांगायला हरकत नाही, कारण आता त्याची गरज त्यांना पडलेली असते. याला दहा-बारा मिनिटं लागतात. तास पस्तीस मिनिटांचा असतो हे मलाही ठाऊक आहे. तरीही ती दहा मिनिटं द्यावीत असं मला वाटतं.

सगळ्याच अडचणींना हा नियम लावू नका बरं. काही गोष्टी सरळ सांगून टाकायच्या असतात. टर्टल वापरून चित्र काढताना मूल आपली फाइलही टर्टल याच नावाने सेव्ह करतं. मग पायथन स्वतःच्या कपाटातलं खरं टर्टल न घेता मुलाचीच फाइल उघडतो आणि यात ती वस्तूच नाही म्हणून तक्रार करतो. बारा वर्षांच्या मुलाने हे स्वतः शोधून काढावं ही अपेक्षा म्हणजे छळ आहे. फाइलचं नाव बदल, एवढं सांगा आणि पुढे चला. तसंच वर्डमधून उचललेल्या कोडमधली तिरकी अवतरणचिन्हं. पायथनला सरळ चिन्हं लागतात, वर्ड ती परस्पर वळवून ठेवतो. त्यात शिकण्यासारखं फार काही नाही, आणि मुलाचा अख्खा तास मात्र जातो.

खरी भिंत आहे ती इंग्रजीची. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलाला लाल अक्षरांची पाच ओळींची एरर दिसली की तो वाचतच नाही, थेट हात वर करतो. चूक त्याची नाही. पण पायथनचे हे निरोप ठरावीक शब्दांत येतात. इनव्हॅलिड, एक्स्पेक्टेड, डिफाइन्ड, मिसिंग, अनसपोर्टेड, आउट ऑफ रेंज असे वीस-पंचवीस शब्द कळले की रोजचं काम भागतं. ते एका तक्त्यावर मराठी अर्थासह लिहून संगणकाशेजारी चिकटवा. अर्थ शब्दकोशातला नको, मुलाच्या बोलीतला हवा. "नेम इज नॉट डिफाइन्ड" याचा अर्थ आमच्या तक्त्यावर असा आहे: "या नावाची ओळख मला कुणी करून दिली नाही." असं वाचलं की मूल आपोआप वर जाऊन बघतं, मी या नावाला आधी काही किंमत दिली होती का? आणि दिली असेल तर स्पेलिंग तेच आहे का?

इथे आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नाही. क म्हणजे क. त्यामुळे वर मोठ्या लिपीतलं एच आणि खाली लहान लिपीतलं एच लिहिलं तर मुलाला दोन्ही एकच वाटतात, पायथनला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. इंग्रजीत वाढलेल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत यावर एखादी ओळ असते. आपल्याला त्यावर अर्धा तास घालवावा लागतो, आणि तो घालवावा.

एरर वाचायची ती खालून वर. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, त्याच्या वर कितव्या ओळीत बिघडलं ते. एक सावधगिरी मात्र हवी. कंस उघडून बंद करायचा राहिला तर जुना पायथन बऱ्याचदा पुढच्याच ओळीकडे बोट दाखवतो. मूल त्या ओळीकडे टक लावून बसतं आणि तिच्यात तर काहीच चुकलेलं नसतं. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून "हा कंस बंदच केलेला नाही" असं तो सरळ सांगू लागला. पण आपल्या कित्येक शाळांत अजून विंडोज ७ ची यंत्रं आहेत आणि त्यांवर पायथन ३.८ च्या पुढे चढत नाही. तिथे मुलांना सांगून ठेवा, दाखवलेली ओळ निर्दोष वाटली तर तिच्या वरची ओळ तपासा.

ओळी आत सरकवायची भानगड मुलांना लवकर समजते, फक्त वहीतल्या समासाशी नातं जोडून द्यावं. इतर अनेक भाषांत महिरपी कंस जे काम करतात ते पायथनमध्ये डावीकडची मोकळी जागा करते. पाढ्याचं उदाहरण जास्त मजेचं आहे. दोनचा पाढा काढायला मुलं रेंजमध्ये १ आणि १० लिहितात आणि पाढा अठरावर थांबतो. बे दाहे वीस येतच नाही. कारण रेंज सुरुवातीचा आकडा घेते, शेवटचा सोडते. इथे "११ लिही" असं सांगणं फार सोपं आहे. मी म्हणते, आधी ५ लिहून बघ, मग ३, मग २, आणि प्रत्येक वेळी किती ओळी आल्या ते वहीत मांड. तिसऱ्या प्रयत्नाला नियम मूलच सांगतं.

वही हा शब्द मुद्दाम वापरला. ३५ मुलं आणि ४ संगणक अशी आपली परिस्थिती असते. ज्यांना यंत्र मिळालं नाही त्यांनी वहीत प्रोग्राम चालवायचा: डावीकडे ओळ क्रमांक, उजवीकडे प्रत्येक नावाची त्या क्षणीची किंमत. मी तर म्हणेन, यंत्रासमोर बसलेल्यांपेक्षा वहीवाल्यांनाच चूक आधी सापडते. यंत्रावर बसलेलं मूल काहीतरी बदलतं, चालवतं, पुन्हा बदलतं. वहीवाल्याला विचार करण्यावाचून गत्यंतरच नसतं!

आता पालकांसाठी. "आम्हाला पायथन येत नाही, आम्ही काय मदत करणार?" असं तुम्ही म्हणता. पण न येणं हा इथे फायदाच आहे, कारण तुम्ही उत्तर सांगू शकत नाही. १९९९ च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकापासून मोठमोठे प्रोग्रामरही टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावतात अशी पद्धत प्रसिद्ध आहे. सांगता सांगता त्यांची चूक त्यांनाच दिसते. तुम्ही बदकापेक्षा नक्कीच बऱ्या आहात. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता म्हणा, "सांग बघू, पहिल्या ओळीत तू काय केलंस? मग काय झालं?" इतकंच. आणि घरचा हिशोब द्या. डेअरीचं दहा दिवसांचं दूध बिल हा फार चांगला प्रोग्राम आहे. त्यात एक गंमतही दडलेली आहे. संध्याकाळचं १.१ लिटर आणि सकाळचं २.२ लिटर यांची बेरीज पायथन ३.३००००००००००००००३ अशी दाखवतो. मूल म्हणेल संगणक चुकला. मग त्याला १ भागिले ३ करायला लावा. ०.३३३ संपतच नाही ना? आपल्या दशांशात जसा एक तृतीयांश पुरा लिहिता येत नाही, तसे संगणकाच्या ० आणि १ च्या पद्धतीत १.१ आणि २.२ पुरे लिहिता येत नाहीत. बिल दाखवताना दोन दशांशांपर्यंत राउंड करायचं. गणिताच्या पुस्तकातला आवर्ती दशांश असा दुधाच्या बिलात भेटला की विसरत नाही.

मोबाइलला विचारलं की अख्खा प्रोग्राम लिहून मिळतो, मग हे सगळं कशाला, असंही एका पालकसभेत ऐकलं. मिळतो, खरं आहे. निबंधही मिळतो. आमच्या वर्गात नियम एवढाच की एररचा अर्थ विचारायला हरकत नाही, प्रोग्राम मागायचा नाही. नियम मोडला जातो का? जातो. पण मागून आणलेला पोषण आहाराचा प्रोग्राम ५०० अंकी उत्तर देऊ लागला की तो मूल आणि त्याचा मोबाइल दोघंही एकमेकांकडे बघत बसतात, आणि वर्ग बघत असतो.

शेवटी एक काम तुमच्या वर्गासाठी. उलटसुलट सारखाच वाचला जाणारा शब्द ओळखणारा प्रोग्राम मुलांना द्या, पण शब्द मराठीत घ्यायला सांगा. जलज, कनक, सरस बरोबर ओळखले जातात. 'दादा' म्हटलं की पायथन म्हणतो, नाही, सारखा नाही. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर आपली तीन अक्षरं तो पाच सांगतो, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. शब्द उलटा केला की काना आधी आणि द नंतर येतो, मग 'दादा' जुळणार कसा? आमचा सातवीचा वर्ग सध्या इथे अडलेला आहे. एका गटाने काना-वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटवून त्या तुकड्यांची यादी करायची आणि ती यादी उलटी करायची असं वहीत मांडलंय. त्यावर पहिल्या बाकावरून प्रश्न आलाय, "मॅडम, मग 'म्हैस' आली तर?" मी अजून काही बोललेले नाही. बुधवारच्या तासाला दोन्ही गट आपापली वही घेऊन फळ्याशी येणार आहेत.